अहमदाबादचा उन्हाळा

वाळ्याचे पडदे, माठ, पन्हे यांनी आपण घरचा उन्हाळा निभावतो. पण अवघ्या शहराने तो कसा निभावावा? अहमदाबादची हकिगत त्यासाठी सांगते.

तेथील जुनी माणसे जाणती होती. पोळांतील गल्ल्या अरुंद, म्हणून घरांची सावली एकमेकांवर. घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके. जवळच अडालजला राणी रूडाबाईने १४९९ च्या सुमारास पुरी केलेली पाच मजली वाव, म्हणजे आपली बारवच. जो जो उतरावे तो तो गारवा. पुढे शहर पसरले, पत्र्याची नि सिमेंटची छपरे आली.

मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसे अधिक दगावली. शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, छपराखाली होता. तान्ही बाळे उन्हाने आजारी पडत. कक्ष खाली आणला आणि अशी बाळे कमी झाली. केवढी साधी गोष्ट! घरात बाळंतिणीला माळ्यावर कोणी निजवते का?

२०१३ साली महापालिकेने उष्णतेचा आराखडा केला: आगाऊ इशारे, पाणपोया, पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग. २०१६ मध्ये आपल्या नागपूरनेही तो मार्ग धरला.

पण इशारा ऐकून टोपलीवाली घरी बसली, तर तिची चूल कशी पेटावी? इला भट्ट यांनी १९७२ मध्ये तेथेच स्थापलेल्या ‘सेवा’ने २०२३ साली कष्टकरी बायांसाठी उन्हाचा विमा आणला. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो जणींना त्याचे पैसे मिळाले.