शाहूपुरीचा सौदा आणि राष्ट्रीय शेअरबाजार

राजर्षि शाहू महाराजांनीं 1895 सालीं कोल्हापुरांत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली आणि गुळाच्या व्यापारानें ती पुढें नांवारूपास आली. गुळाचा सौदा कसा होतो हें कोल्हापूरकरांस सांगावयास नको. अडत्याच्या दुकानीं रवे मांडलेले असतात. व्यापारी रंग पाहतात, चव घेतात आणि चढती बोली सर्वांच्या कानांवर पडते. आपला गूळ कोणत्या भावानें गेला हें तेथें उभ्या असलेल्या शेतकऱ्यास तत्क्षणीं कळतें.

शेअर घेणाऱ्या कोल्हापूरकराच्या वांट्यास हें भाग्य फार उशिरा आलें. शेअर म्हणजे कंपनीच्या भांडवलांतील लहानसा हिस्सा. अशा हिश्शांचा व्यापार मुंबईंत टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखालीं वाढला, आणि 1875 सालीं तेथील दलालांनीं आपली संस्था स्थापन केली. पुढें अनेक दशकें दलाल सभागृहांत ओरडून व हातवारे करून सौदे करीत. बाहेरगांवच्या गिऱ्हाइकानें गांवांतील मध्यस्थाकडे मागणी नोंदवावी, त्यानें ती मुंबईस कळवावी आणि मग बिलावर येईल तो आंकडा मुकाट्यानें मान्य करावा, असा शिरस्ता होता. भाव सकाळीं एक तर दुपारीं दुसरा. त्यांतला कोणता आपल्या पदरीं पडला हें पडताळण्याचें साधन गिऱ्हाइकापाशीं नव्हतें. शाहूपुरींतील शेतकरी या बाबतींत सुशिक्षित भागधारकाहून सुखी म्हणावयाचा!

फेरवाणी समितीनें 1991 सालीं राष्ट्रीय शेअरबाजाराची शिफारस केली. पुढच्याच वर्षीं उघडकीस आलेल्या रोखे-घोटाळ्यानें तिची निकड सर्वांस पटली. 1992 सालीं ही संस्था स्थापन झाली आणि 3 नोव्हेंबर 1994 रोजीं तेथें शेअरांचे सौदे सुरू झाले. त्यास सभागृह नव्हतेंच. गांवोगांवच्या दलालांचीं यंत्रें उपग्रहाच्या द्वारें मुंबईंतील एका संगणकास जोडलेलीं होतीं.

त्या संगणकाचा नियम सोपा आहे. समजा, एका शेअरास घेणारे 100 व 101 रुपये देऊं करतात आणि विकणारे 102 व 103 मागतात. तोंवर सौदा होत नाहीं. कोणी 102 देण्यास तयार झाला कीं सौदा तत्काळ जुळतो. चांगला भाव देणाऱ्याचा क्रम पहिला. भाव सारखाच असेल तर आधीं मागणी नोंदविणाऱ्याचा. मागणी मुंबईच्या पेढीची कीं कोल्हापूरच्या शिक्षकाची, हें संगणक पाहत नाहीं. मात्र गुळाप्रमाणें येथें चव घेतां येत नाहीं. भाव कोणता हें यंत्र सांगेल. कंपनी कशी हें ज्याचें त्यानेंच पारखावयाचें.

घेणाऱ्या-विकणाऱ्यांनीं एकमेकांस पाहिलेलेंहि नसतें. मग पैसे बुडाल्यास काय? यासाठीं 1996 पासून एक स्वतंत्र मंडळ मध्यें उभें राहिलें. प्रत्येक घेणाऱ्यास तेंच विकणारें आणि प्रत्येक विकणाऱ्यास तेंच घेणारें. त्याच वर्षीं कागदी शेअरांऐवजीं खात्यावरील नोंदींची सोय झाली. तत्पूर्वीं कागद टपालानें जात, वाटेंत गहाळ होत, सही जुळली नाहीं तर परत येत, आणि पैसे देऊनहि मालकी महिनोन्महिने लांबणीवर पडे. 27 जानेवारी 2023 पासून मात्र सर्वच शेअरांच्या सौद्यांचे पैसे व शेअर दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशीं ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा होतात.