फिरत्या घराचं छप्पर

नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत मी तेलांचं तंत्र शिकले. वर्ध्याच्या घरी चटणीत खाल्लेल्या जवसाची दुसरी ओळख मला तिथे झाली. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं. खोबरेल कितीही दिवस ठेवलं तरी तेलकटच राहतं, पण जवसाच्या तेलाचा पातळ थर काही दिवसांत चिवट पापुद्रा होतो. आपल्याकडे सुतार सागवानी दारांना बेलतेल लावतात, ते हेच. पुढे ओहायोत रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली. मग आम्ही नवराबायकोंनी एक जुना ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला आणि त्याच्या छपराची माहिती काढता काढता पुन्हा या तेलापाशीच येऊन पोचले. अमेरिकेतल्या फिरत्या घरांची छपरं मुळात जवसावर उभी राहिली.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाच्या लँकॅस्टर भागात कोनेस्टोगा नावाच्या मोठ्या मालगाड्या बनत. त्यांच्या लाकडी कमानींवर जाड कापड ताणलेलं असे आणि पाऊस अडावा म्हणून ते तेलात भिजवत. कापड अनेकदा जवसाच्याच खोडातल्या धाग्याचं, म्हणजे कापड आणि तेल दोन्ही एकाच जातीच्या झाडाची. १८४० नंतर ऑरेगनच्या वाटेने पश्चिमेला निघालेल्या कुटुंबांनीही गाड्यांच्या आच्छादनांना जवसाचं तेल चोपडलं. रेल्वेच्या लाकडी डब्यांसाठी याच कल्पनेची पक्की आवृत्ती निघाली. छपराच्या फळ्यांवर सफेत्याचा, म्हणजे जवसाच्या तेलात खललेल्या शिशाच्या पांढऱ्या रंगाचा, जाड हात द्यायचा, तो ओला असतानाच कॅनव्हास त्यात बसवायचा, कडांना बारीक खिळे मारायचे आणि वरून पुन्हा रंग द्यायचा. सफेता विषारी होता, पण त्याच्याइतकं चिवट काही कारागिरांच्या हाताशी नव्हतं.

फिरण्याची हौस म्हणून घर सोबत नेणारे आले ते मोटारीबरोबर. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे 'टिन कॅन टूरिस्ट' ही संघटना स्थापन झाली. ही मंडळी फोर्डच्या मोटारीला तंबू जोडून हिवाळाभर दक्षिणेत राहत. तंबू उभारेपर्यंत पाऊस थांबत नसे, ही त्यांची नेहमीची अडचण. डेट्रॉइटच्या आर्थर शर्मन या जीवाणुशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये असाच एक घडीचा तंबूट्रेलर विकत घेतला. भर पावसात तो उघडताना सगळं कुटुंब भिजलं. मग त्याने सुताराकडून मॅसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या तक्त्यांच्या, भिंतींचा ९ फूट लांब ट्रेलर बनवून घेतला. त्याला त्याने 'कव्हर्ड वॅगन' हे जुन्या गाड्यांचंच नाव दिलं. लोक थांबवून चौकशी करू लागले म्हणून त्याने कारखाना काढला आणि १९३६ पर्यंत तो देशातला सर्वांत मोठा ट्रेलर-उत्पादक झाला. अमेरिकेतल्या या धंद्याच्या मुळाशी असं एका पावसात भिजलेलं कुटुंब आहे. शर्मनला हवं होतं ते मुख्यतः छप्पर.

त्या काळच्या बहुतेक ट्रेलरांचं छप्पर रेल्वेच्या डब्यासारखंच, कॅनव्हास आणि जवसाच्या तेलातल्या रंगाचं. जवसाच्या तेलाचं वाळणं कधीच संपत नाही. पापुद्रा झाल्यावरही ते प्राणवायू घेतच राहतं, वर्षागणिक कडक होतं आणि उन्हापावसात तडकतं. म्हणून रंगाचा हात नेमाने पुन्हा द्यावाच लागे. वसंतात ट्रेलर बाहेर काढताना मालक डबा आणि ब्रश घेऊन छपरावर जाई. हे काम कुणाला आवडत होतं असं नाही, पण त्या निमित्ताने छपराचा इंचन्‌इंच दरवर्षी माणसाच्या नजरेखालून जाई.

मग अॅल्युमिनियम आलं. विमानाच्या सांगाड्यासारखा ट्रेलर हॉली बोलसने १९३४ मध्ये बनवला. वैमानिक लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारा तोच हा माणूस. त्या धर्तीवर वॉली बायमने १९३६ मध्ये एअरस्ट्रीम कंपनीचा 'क्लिपर' ट्रेलर काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेले स्वस्त ट्रेलर सगळीकडे दिसू लागले. पत्र्याला रंग नको, तेल नको, असा समज झाला. पण अॅल्युमिनियम उन्हात भरपूर पसरतं. ८ मीटर लांबीचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ७ मिलिमीटर वाढतो आणि त्याखालचं लाकूड त्या मानाने जवळपास जागचं हलत नाही. ही ओढाताण रोज चालते. स्क्रूंची भोकं रुंदावतात, सांध्यातली लांबी सुकून सुटते. पत्रा शाबूत राहतो आणि दर्जेतून पाणी आत जातं.

गळायला लागलं की लोक चंदेरी डांबर फासत. डांबरात अॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म पापड्या मिसळलेल्या असतात. रंग वाळताना त्या वर तरंगून एकमेकींवर आडव्या बसतात आणि ऊन परतवतात. माल स्वस्त आणि सोपा, पण थंडीत तो तडके. त्यावर पुढे पांढरा रंग द्यायला जावं तर डांबराचा तपकिरी डाग वर उमटे. त्यापेक्षा मोलाची भर घातली ती ब्युटाइल रबराने. स्टँडर्ड ऑइलच्या रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी ते १९३७ मध्ये शोधलं. त्याची पट्टी वर्षानुवर्षं चिकट आणि मऊ राहते, म्हणून पत्र्याच्या हालचालीबरोबर ताणली जाते. फिलाडेल्फियाच्या रोम अँड हास कंपनीने १९५३ मध्ये पाण्यात मिसळणारं शुद्ध अॅक्रिलिक रंगांसाठी बाजारात आणलं. आज छपरावर देतो तो ताणणारा पांढरा लेप त्याच घराण्यातला. मी नोकरीची बरीच वर्षं या अॅक्रिलिकांवर काढली. जवसाचं तेल वर्षागणिक पिवळं पडतं आणि कडक होतं, अॅक्रिलिक पांढरं आणि लवचीक राहतं, हा फरक मी प्रयोगशाळेत पट्ट्या ताणून तोडून पाहिला आहे.

१९८० च्या दशकात इंडियानातल्या एल्कहार्टच्या ट्रेलर-कारखान्यांत रबरी छप्पर आलं. इथिलीन आणि प्रोपिलीनपासून बनणारं ईपीडीएम रबर १९६० च्या दशकात बाजारात आलं. त्यामागची रसायनं घडवणाऱ्या झिग्लर आणि नाट्टा यांना १९६३ चं नोबेल मिळालं. हे रबर ऊन, पाऊस, ओझोन सगळं सोसतं. जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीची अखंड चादर प्लायवुडवर चिकटवली की पत्र्याला पत्रा जोडायची गरजच संपली. पुढे टीपीओ या प्लास्टिकची चादरही आली. बरोबर दहा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या हमीचे कागद आले.

मला खटकतं ते इथेच. सांधे कमी झाले, पण भोकं वाढली. जुन्या ट्रेलरला हवेची एखादी खिडकी असे. आता स्वयंपाकावर आणि न्हाणीवर १४ इंची चौकोनी झरोके, तेवढ्याच भोकावर बसवलेलं वातानुकूलन यंत्र, फ्रिजचं धुराडं, सांडपाण्याच्या टाकीची नळी, अँटेना आणि सौरपट्ट्यांचे पाय. या प्रत्येक ठिकाणी रबर कापलेलं असतं आणि कापलेल्या कडेवर फक्त लांबीसारखा एक मऊ लेप असतो. तो काही वर्षांत आकसतो. हमी बहुधा चादरीची असते, त्या लेपाची नसते. पाणी आत शिरलं की प्लायवुड फुगतं, पाणी भिंतीतून उतरतं आणि छताला डाग दिसेपर्यंत फळी कुजलेली असते.

माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे मिरगाच्या आधी घर शाकारायचंच, मागच्या पावसात एक थेंबही गळलेला नसला तरी. शाकारणी नक्षत्राला बांधलेली होती, गळतीला नाही. कॅनव्हासच्या ट्रेलरवाल्यांचा वसंतातला रंगाचा हात याच जातीचा रिवाज होता. पत्र्याने तो सैल केला आणि रबराने मोडला. काळजीची तारीख गेली आणि माणसं गळतीची वाट पाहू लागली.

आम्ही तारीख ठरवून टाकली आहे. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर आणि ऑक्टोबरमध्ये बर्फ पडायच्या आधी. छपरावर आडवी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकायचे, म्हणजे भार खालच्या दांड्यांवर जातो. साबणाच्या पाण्याने धुवायचं. पेट्रोल, टर्पेंटाइन, डांबरी माल रबराजवळ आणायचा नाही, त्याने ते फुगतं. मग प्रत्येक झरोक्याच्या कडेने बोट फिरवायचं. लेप घट्ट असेल तर खरवडू नये, स्वच्छ करून त्यावरच नवा सोडावा. सुटला असेल तेवढाच काढावा. दुकानातली साधी सिलिकॉनची नळी वापरू नये, कारण सिलिकॉनवर पुढे सिलिकॉनखेरीज काही टिकत नाही. अख्ख्या छपराला लेप द्यायचा तर आधी कोरड्या छपरावर तळहात घासून बघावा. जुनं पांढरं रबर उन्हाने झिजून भुकटी सोडतं. हाताला ती लागली तर लेप रबराला न धरता भुकटीला धरेल आणि सालासारखा सुटेल. पुन्हा धुवावं, रबराला चालणारा प्रायमर द्यावा, रात्रीसुद्धा १० अंशांच्या खाली जाणार नाहीत असे कोरडे दिवस निवडावेत आणि दोन हात द्यावेत, पहिला लांबीच्या दिशेने, दुसरा आडवा.

टिन कॅन टूरिस्ट संघटना १९९८ मध्ये जुन्या ट्रेलरांच्या हौशी मंडळींनी पुन्हा उभी केली. कित्येक दशकांचे ट्रेलर तिथे रस्त्यावर धावतात. ते टिकले ते त्या काळचा माल उत्तम होता म्हणून नव्हे. आजचं रबर आणि अॅक्रिलिक त्यापेक्षा कितीतरी सरस आहे, हे माझं आयुष्यभराचं काम सांगतं. ते टिकले कारण त्यांच्या मालाने मालकाला दरवर्षी वर बोलावलं. आजचा माल बोलावत नाही. म्हणून ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, आधी छपरासाठी दोन तारखा ठरवा आणि मग प्रवासाच्या.