रस्त्यावरचा वेग आणि ट्रॅकवरचा पहिला दिवस

मागच्या वेळी आपण मोटारगाडीच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल बोललो. ते व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या होत्या. म्हणाल्या, "माझा मुलगा रविवारी पहाटे मित्रांबरोबर एक्स्प्रेसवेवर गाडी पळवायला जातो. आता म्हणतोय, ट्रॅक डेला जायचंय. स्वतःची गाडी, डोक्यावर हेल्मेट आणि शर्यतीचा ट्रॅक. जाऊ देऊ का?" आम्ही तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. 'बघा, विचार करा' असं काहीतरी म्हणून सुटलो. आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

ट्रॅक डे म्हणजे काय, ते आधी सांगतो. शर्यतींसाठी बांधलेला वळणावळणाचा रस्ता दिवसभरासाठी भाड्याने घेतात. पैसे भरून तुमच्याआमच्यासारखी माणसं आपली रोजची गाडी तिथे आणतात. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीसही नसतं. वीस-पंचवीस मिनिटांच्या पाळ्या असतात आणि नवख्याच्या शेजारी बहुतेक ठिकाणी शिकवणारा बसतो. आता ही रीत आली कुठून? आणि एवढे नियम कशासाठी? याचं उत्तर आपल्याला इतिहासातच सापडतं.

सुरुवातीला शर्यती साध्या रस्त्यांवरच व्हायच्या. गावातून गाड्या जायच्या आणि लोक कडेला उभे राहून बघायचे. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. पहिल्याच दिवशी इतके अपघात झाले, की ती बोर्डोला थांबवावी लागली. रेनो गाड्या बनवणाऱ्या भावांपैकी मार्सेल रेनो त्यात गेला. इंग्लंडमध्ये तर त्याच वर्षीच्या कायद्याने ताशी वीस मैलांची मर्यादा घातली होती. मग गाडी पळवायची कुठे? १९०७ साली लंडनजवळ ब्रुकलँड्सचा ट्रॅक उघडला, खास मोटारींसाठी बांधलेला. १९२७ साली जर्मनीत आयफेलच्या डोंगरात न्युरबुर्गरिंग तयार झालं. तिथे सुरुवातीपासून एक वेगळी सोय होती. शर्यत नसेल तेव्हा कुणीही टोल भरून आपली गाडी आत न्यायची. ती सोय आजही चालू आहे. गंमत अशी की त्या वेळेत कायद्याच्या दृष्टीने तो एकेरी वाहतुकीचा टोलरस्ता असतो. त्यामुळे ओव्हरटेक डावीकडूनच करायचा आणि शर्यत लावायची नाही, हे नियम तिथेही लागू.

पण हौशी माणसाची खरी गोष्ट घडली अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ साली बॉस्टनमध्ये काही स्पोर्ट्स कारवेड्यांनी एक क्लब काढला, स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका. त्यांचा बाणा कडक: शर्यत हौसेसाठी, पैशासाठी नाही. या क्लबातला कॅमेरॉन अर्गेटसिंगर नावाचा एक तरुण कायद्याचं शिक्षण घेत होता. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या गावाशी त्याच्या घरच्यांचं नातं होतं. गावाच्या रस्त्यांवर युरोपसारखी शर्यत घ्यायची असं त्याच्या मनाने घेतलं. २ ऑक्टोबर १९४८ रोजी ती झाली. मार्ग सुमारे साडेदहा किलोमीटरचा. मुख्य पेठेतून निघायचं, टेकडी चढायची, पूल ओलांडायचा आणि परत पेठेत यायचं. मध्ये रेल्वेचे रूळ आडवे होते, म्हणून शर्यतीपुरत्या गाड्या थांबवून घेतल्या! आपल्याकडे जत्रेच्या दिवशी गाव जसं फुलतं तसं ते गाव फुललं असणार.

पुढची चार वर्षं गर्दी वाढत गेली. १९५० साली तिथेच सॅम कॉलिअर हा चालक मेला. तरी शर्यत चालूच राहिली. चालकाने स्वतः पत्करलेला धोका आहे, असं लोक म्हणत असतील. १९५२ साली मात्र पेठेतून जाताना एक गाडी कडेच्या गर्दीला घासून गेली. बरेच जण जखमी झाले आणि सात वर्षांचा एक मुलगा मेला. तो पदपथाच्या कडेला बसून शर्यत बघत होता. त्याने कसला धोका पत्करला होता?

मंडळी, आजच्या व्याख्यानातलं हे मुख्य वळण आहे. गाडी चालवणारा हौशी होता, सज्जन होता, पैशासाठी आलेला नव्हता. पण हौस त्याची होती आणि किंमत कडेला बसलेल्या पोराने दिली. त्यानंतर पेठेतली शर्यत बंद झाली. तीन वर्षं ती गावाबाहेरच्या रस्त्यांवर घेतली आणि १९५६ साली टेकडीवर कायमचा ट्रॅक बांधला, सुमारे पावणेचार किलोमीटरचा.

हे एकाच गावात झालं असंही नाही. विस्कॉन्सिनमधल्या एल्कहार्ट लेकला १९५० ते १९५२ अशी तीन वर्षं रस्त्यावर शर्यती झाल्या. मग राज्याने सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींना बंदी केली आणि १९५५ साली तिथे रोड अमेरिका हा ट्रॅक उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचला शर्यत झाडांमधून जायची. १९५६ साली एर्नी मॅकॅफीची फेरारी झाडावर आदळली आणि तो गेला. पुढच्याच वर्षी जवळच, लष्कराच्या जमिनीवर लगुना सेका सुरू झाला. इटलीत मिल्ले मिलिया ही हजार मैलांची शर्यत गावागावांतून जायची. १९५७ साली अल्फोन्सो दे पोर्तागोची गाडी गर्दीत घुसली. तो, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक मेले. त्या नऊंत पाच मुलं होती. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही. त्या वर्षी ती जिंकलेला पिएरो तारुफी हा व्यवसायाने इंजिनिअर. त्याने शर्यतीतून निवृत्ती घेतली आणि वळण कसं घ्यावं, ब्रेक कुठे लावावा यावर गणितासकट पुस्तक लिहिलं. ते कितीतरी वर्षं या विद्येचं पाठ्यपुस्तक होतं.

बांधीव ट्रॅक उभे राहीपर्यंत हौशी लोकांनी केलं काय? त्यांना युद्धाने एक देणगी दिली होती: विमानांच्या धावपट्ट्या. कर्टिस लमे हा अमेरिकी हवाई दलाचा जनरल स्वतः स्पोर्ट्स कारचा शौकीन. १९५२ ते १९५४ या काळात त्याने आपल्या तळांवर क्लबच्या शर्यती होऊ दिल्या. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन आणि स्नेटरटन हे मूळचे विमानतळच. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमची धावपट्टी होती, तिथल्या शर्यती दक्षिणेत गाजल्या. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला, तो १९९० साली सुरू झाला. थोडक्यात, वेगाला गावाबाहेर जागा मिळाली. आणि जागा मिळाली तशी शाळाही निघाली. १९५७ साली स्नेटरटनला जिम रसेल याने शर्यतचालकांची शाळा सुरू केली. १९६८ साली अमेरिकेत बॉब बॉन्डुरंटने काढली. पुढे गाड्यांच्या मालकांचे क्लबही सभासदांसाठी असे शिकवणीचे दिवस भरवू लागले. आजचा ट्रॅक डे आला तो या शाळांतून आणि क्लबांतून.

आता त्या मुलाचा पहिला दिवस कसा जाईल ते बघू. इतिहास लक्षात ठेवला की त्यातली प्रत्येक गोष्ट का आहे ते कळतं.

सकाळी पहिलं काम तपासणीचं. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचं सुटं पायदाण, सगळं बाहेर काढायचं. ब्रेक मारताना बाटली घरंगळून पेडलखाली गेली तर काय होईल, विचार करा. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासायचे. टायर आणि ब्रेक पॅड किती उरलेत ते बघायचं. मग ब्रेक ऑइल. हे फार लोक विसरतात. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. ताशी ६० ऐवजी १२० वेगाने ब्रेक मारला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शहरात चालणारं ऑइल ट्रॅकवर दगा देतं ते यामुळे. म्हणून आदल्या आठवड्यात मेकॅनिककडून ते बदलून घ्यायचं.

मग हेल्मेट. आत 'स्नेल' असा स्टिकर दिसेल. तीही एका हौशी माणसाची खूण आहे. पीट स्नेल १९५६ साली अशाच एका शर्यतीत गाडी उलटून मेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पण त्याने डोकं वाचवलं नाही. क्लबातले एक डॉक्टर, जॉर्ज स्नायव्हली, बाजारातली हेल्मेटं मिळवून त्यांची चाचणी घेऊ लागले. १९५७ साली मित्रांनी स्नेलच्या नावाने संस्था काढली. ती आजही मानकं ठरवते. स्टिकरवर 'एम' असेल तर हेल्मेट मोटारसायकलसाठी, 'एसए' असेल तर मोटारशर्यतीसाठी. दुसऱ्याचं अस्तर आगीला टिकतं. आयोजकांना कोणतं चालतं, ते आधी विचारून घ्यायचं.

त्यानंतर चालकांची बैठक. ही चुकवली तर बरेच आयोजक ट्रॅकवर सोडत नाहीत. तिथे झेंडे समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. काळा म्हणजे आत या, काहीतरी चुकलंय. लाल म्हणजे पाळी थांबली. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक फक्त ठरलेल्या सरळ पट्ट्यांवर, तोही पुढच्याने हात बाहेर काढून 'या बाजूने जा' अशी खूण केल्यावर. पुढे जायची परवानगी मागच्याने घ्यायची नाही, पुढच्याने द्यायची. आपल्या रस्त्यांवर अप्पर-डिप्पर मारत अंगावर येणाऱ्या मंडळींना हे फार जड जातं.

आणि मग प्रत्यक्ष चालवणं. पहिल्या फेऱ्या सावकाश. शिकवणारा सांगतो: ब्रेक सरळ रेषेत लाव आणि वळायच्या आधी संपव. वळणात बाहेरून शिर, आतल्या कडेला टेक, पुन्हा बाहेर पड. आतल्या कडेचा तो बिंदू जरा उशिरा गाठ, म्हणजे बाहेर पडताना रस्ता उरतो. नजर बॉनेटवर नको, पुढच्या वळणावर हवी. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ब्रेकवर सगळी खर्च केली तर वळायला काही उरत नाही. नवखा हमखास जी चूक करतो ती म्हणजे वळणात जास्त वेगाने शिरणं आणि घाबरून मध्येच पाय काढणं. मग मागचा भाग फिरतो. शेवटची फेरी ब्रेक थंड करत हळू मारायची. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या ब्रेकवर तो चिकटू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली गुटका लावायचा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. 'ही शर्यत नव्हती' हा युक्तिवाद तिथे चालेल, असं धरून जाऊ नये. जेवढं नुकसान खिशातून भरता येईल, तेवढीच गाडी ट्रॅकवर न्यावी.

तर बाई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. जाऊ द्या. पण त्याच्याकडून एक शब्द घ्या, की रविवारची एक्स्प्रेसवेवरची फेरी आजपासून बंद. 'हेही करतो आणि तेही करतो' असं म्हणत असेल तर ट्रॅकचे पैसे देऊ नका. कारण ट्रॅकवर शिकलेलं कसब रस्त्यावर माणसाला उगाच धीट करतं. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, दुभाजक ओलांडणारी म्हातारी नसते, दर वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. त्यात पायी चालणारे हजारो होते.

वॉटकिन्स ग्लेनच्या लोकांना वेग आवडत होता. त्या मुलाच्या मृत्यूनंतरही त्यांनी वेग सोडला नाही. पण तो पेठेतून उचलला, टेकडीवर नेला आणि भोवती कुंपण घातलं. तुमच्या मुलाला ट्रॅकवर जायचं असेल तर त्याला एवढी गोष्ट नक्की सांगा.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर विचारा, या वेळी उत्तर देऊनच जाऊ.