भांडं कोण उचलणार?

मागच्या पावसाळ्यात रात्रपाळीला रिंगफ्रेमच्या गिअरात माझी दोन बोटं सापडली. दवाखान्यात नेलं तर वॉर्डात चाळीस खाटा आणि सिस्टर एक. टाके डॉक्टरनं घातले आणि तो गेला. पुढचे चार दिवस ड्रेसिंग, सुया, सलाईन सगळं सिस्टर लोकांनीच केलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्री लघवीला भांडं मागायला लागला. सिस्टर म्हणाली, "बाबा, थांबा, मावशी येतील." मावशी एकटी, दोन वॉर्डांना. ती यायच्या आत म्हाताऱ्यानं अंथरूण ओलं केलं. मग मावशी आली, निमूट सगळं काढलं, धुतलं. सकाळी बोलता बोलता कळलं, मावशी आपल्यातलीच.

सिस्टरवर राग धरण्यासारखं काही नव्हतं. चाळीस माणसं तिच्या एकटीच्या जिवावर. पण भांड्याला हात लावणं हे आपलं काम नाही, हे ती ज्या सहजपणे बोलली ते माझ्या डोक्यातून जाईना. मग बोटं बरी होईस्तोवर वाचनालयात बसून शोधत राहिलो.

माझी आजी सुईण होती. मांगाची. आपल्याकडं बऱ्याच गावांत नाळ कापायला मांगीण लागायची, पाटलाच्या वाड्यातसुद्धा. मूल आडवं आहे का पायाळू, ते आजी पोटाला हात लावून सांगायची. मागल्या दारानं आत, मागल्या दारानंच बाहेर. मिळायचं काय, तर सूपभर जोंधळे आणि एखादं जुनेर. ती गेली की खोलीत गोमूत्र शिंपडायचे. ज्या हातात पोर पहिल्यांदा आलं तोच हात विटाळाचा! रक्त, वार, मळ उचलणारी हलकी आणि पंचांग बघून जन्मवेळ लिहिणारा थोर. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनला शाळा काढली, तिथून नर्सिंगचा इतिहास सांगतात. आपल्या मुलखातला तो ह्या मागल्या दारापासून सांगायला पाहिजे.

इंग्रज सरकारच्या बाया सुईणीकडं वळल्या त्या उशिरा. १८८५ साली डफरिन फंड निघाला, १९०३ साली सुईणींना शिकवायला व्हिक्टोरिया मेमोरियल फंड. त्यांच्या लेखी सुईण म्हंजे घाण आणि अडाणीपणा. विळ्यानं नाळ कापली की धनुर्वातानं पोरं दगावायची, हे खरंच आहे. आजीच्या हातचीही दगावली असतील, झाकायचं कशाला? पण तिच्या हातातली विद्या कुणी वहीत लिहून घेतली नाही.

दवाखान्यातल्या पहिल्या पिढीच्या नर्सा बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यांत महारा-मांगांतून ख्रिस्ती झालेल्यांच्या लेकीही होत्या. सवर्ण घरातली बाई लांबच राहिली. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, रात्रपाळी करायची, म्हंजे घराण्याची अब्रू गेली.

आणि सावित्रीबाई? १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडाचं आजारी पोर त्यांनी पाठीवर घेतलं आणि यशवंताच्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला. १० मार्चला गेल्या. फोटोला हार घालताना आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणतो. मेल्या त्या रोग्याची सेवा करताना, हे आपल्या भाषणात येत नाही. माझ्याही आलेलं नाही.

ह्या सगळ्याचा हिशेब १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात सापडतो. तेव्हा देशात नर्सा साधारण ७,०००. ४३,००० माणसांमागं एक. इंग्लंडात तेव्हा ३०० माणसांमागं एक होती. आणि आपल्याकडं डॉक्टर किती? साधारण ४७,५००. एका नर्सला जवळजवळ सात डॉक्टर! गरिबी हेच कारण असतं तर डॉक्टरही तितकेच कमी पडले असते. नाडी बघायला लोक मिळाले, अंग पुसायला मिळाले नाहीत. कामाबरोबर काम करणारेही उतरंडीनं वाटून टाकले की असंच होणार. १९३६ साली बाबासाहेबांनी हेच तर उघडं पाडलं होतं.

नर्सांनी मान मिळवला तो झगडून. १९०८ ला संघटना झाली, १९४७ ला नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. रजिस्टर, परीक्षा, पुढं बी.एस्सी. केंद्र सरकारनं २०१६ ला 'स्टाफ नर्स'चं 'नर्सिंग ऑफिसर' केलं. चांगलंच झालं. पण ही पायरी चढताना भांडं मात्र खालच्या पायरीवर ठेवलं. आयाबाईच्या, मावशीच्या, सफाई कामगाराच्या हातात. तिथं कोण उभं आहे ते मी वॉर्डात बघून आलो.

आता म्हणतात तुटवडा आहे. जगात ५९ लाख नर्सा कमी, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० ला सांगितलं. त्याच साली २२ मार्चला थाळ्या वाजल्या, आणि त्याच आठवड्यात घरमालक नर्सांना खोल्या खाली करा म्हणत होते. खासगी दवाखान्यांचे पगार इतके खाली, की सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सरकारला समिती नेमायला लावली. पन्नास खाटांच्या आतल्या दवाखान्यातही महिना २०,००० च्या खाली नको, असं समिती म्हणाली. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या राज्यातल्या सरकारी नर्सा संपावर गेल्या, भरती ठेकेदारामार्फत नको म्हणून. ठेका म्हंजे काय ते गिरणीवाल्याला कुणी समजावून सांगायला नको.

हे सगळं वस्तीत बोललो तर एक कार्यकर्ता माझ्यावरच उखडला. त्याच्या बहिणीला बारावीनंतर नर्सिंगला जायचंय. तो म्हणाला, "महाडनंतर आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायची सोडली ती पोरींनी पुन्हा गूमूत काढायला?" त्याचं एकदम खोटं नाही. मी म्हटलं, ढोर ओढण्यात पगार नव्हता, रजिस्टर नव्हतं, नाही म्हणायची सोय नव्हती. तो म्हणाला, "आणि त्या मावशीला आहे का सोय?" यावर मी गप्प बसलो. रात्री साडेबारापर्यंत आम्ही भांडत होतो. बहीण आतून ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे." फॉर्म तिनं आधीच भरून ठेवला होता. फीचे पैसे दादाकडं आहेत. आज शनिवार.