चाकाची धाव आणि टायराचे वय : ओझर परिसराच्या वाहतुकीतील एक प्रकरण

जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे ओझर अभ्यासकांना परिचित आहे ते विघ्नेश्वराच्या देवालयामुळे. वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजी आप्पांनी या देवालयाच्या शिखरावर सोने चढविले असे सांगितले जाते. अष्टविनायकाच्या यात्रेतील हे एक प्रमुख स्थान होय. (नाशिकजवळचे विमानांच्या कारखान्याचे ओझर ते हे नव्हे.) प्रस्तुत लेखाचा विषय मात्र यात्रेचा देव नसून यात्रेचे चाक हा आहे. ज्या वाहनाच्या आधाराने माणसे महिनोन्‌महिने संसार करतात, त्या वाहनाचे निकामी चाक बदलावयाचे कसे, आणि बदली म्हणून घेतलेली वस्तू खरोखरच ताजी घडविलेली आहे हे ओळखावयाचे कोणी, असा हा प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर चालत्या घरांच्या संदर्भात तो नव्याने विचारला जाऊ लागला. परंतु ओझर, नारायणगाव, जुन्नर या टापूत चालती घरे त्यापूर्वी कित्येक पिढ्या वावरत आलेली आहेत, आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा राहिलेला आहे.

जुन्नरच्या प्राचीन व्यापाराशी चाकाचा संबंध आपण समजतो त्याहून कमी असावा. नाणेघाटाची वाट पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. कोकणातून चढणारा माल बैलांच्या पाठीवरच येणे शक्य होते. त्या पायऱ्यांवरून गाडी चढणार नाही. सह्याद्रीच्या घाटांतून चाके सर्रास चालू लागली ती इंग्रजी अमलात, बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाल्यानंतर. पठारावर मात्र बैलगाडी होतीच, आणि तिच्याबरोबर तिचे चाक राखणारी माणसेही होती. सुतार आणि लोहार हे दोघेही गावाचे बलुतेदार. लाकडी चाक सुताराने घडवावे आणि त्यावर लोखंडी धाव लोहाराने चढवावी, अशी ही विभागणी होती.

धाव चढविण्याची क्रिया येथे थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील विवेचनाचा आधार तीच आहे. चाकाच्या लाकडी घेरापेक्षा किंचित लहान असे लोखंडी कडे तयार करीत. ते गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवीत, म्हणजे ते प्रसरण पावे. मग सांडशींनी उचलून ते चाकावर बसवीत, ठोकीत, आणि लाकूड पेट घेण्यापूर्वीच त्यावर पाणी ओतीत. थंड होताना कडे आकसे आणि आरे, तुंबा व घेर यांना एकत्र आवळून धरी. हे सारे गाडीवानाच्या डोळ्यांदेखत होई. धाव केव्हा बसविली, कोणी बसविली, लोखंड नवे होते की मोडीतले, याविषयी त्याला कोणाची साक्ष काढावी लागत नसे. शिवाय या चाकाचा दोष उघड दिसणारा होता. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले म्हणजे धाव सैल होई आणि चालताना वाजू लागे. तात्पुरता उपाय म्हणून गाडी नदीच्या पाण्यात उभी करून लाकूड फुगवून घेत. कायमचा उपाय लोहाराकडे. वाळणे हाच या चाकाचा मोठा शत्रू होता, झिजणे नव्हे. ही गोष्ट रबरी चाकाच्या बाबतीतही पुढे वेगळ्या रीतीने खरी ठरली.

धावेचे शत्रुत्व होते ते रस्त्याशी. अरुंद लोखंडी कडे खडीचा रस्ता कापून काढी आणि त्यावर खोल चाकोऱ्या पाडी. बॅरिस्टर मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी निर्माण झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. रस्ते बांधणाऱ्यांच्या दृष्टीने बैलगाडीचे चाक हा तेव्हा एक स्वतंत्र प्रश्नच होऊन बसला होता. त्याचे उत्तर टायरांच्या कारखानदारांजवळ तयार होते, आणि त्यात त्यांचा स्वार्थही होता. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधकाच्या योगाने रबर टिकाऊ करण्याची क्रिया शोधली. रॉबर्ट टॉमसनने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे डनलॉपने तीच कल्पना पुन्हा प्रत्यक्षात आणली. याच डनलॉपच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे कारखाना सुरू केला आणि त्याच दशकात हवा भरलेल्या टायरांची बैलगाडी भारतात पुढे आणली. बैलांवरचा भार हलका झाला, रस्ता वाचला. मात्र गावच्या लोहाराचे काम गावाबाहेर, शेकडो कोसांवरील कारखान्यात गेले. धाव बसविणारा माणूस गाडीवानाला ठाऊक होता; टायर घडविणारा त्याला कधीच दिसणार नव्हता.

या परावलंबनाची किंमत लौकरच कळून आली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर चाल केली, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि त्यापाठोपाठ जावाही गेले. जगातील नैसर्गिक रबराचा बहुतांश पुरवठा त्यामुळे दोस्त राष्ट्रांच्या हातून निसटला. भारताला त्रावणकोर आणि सिलोन येथील मळ्यांचा आधार उरला. तरीही टायरांची विक्री १९४२ पासून भारत संरक्षण नियमांखाली नियंत्रित करावी लागली. त्या काळातील कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी जुन्या पिढीच्या आठवणीत राहिल्या, त्या पेट्रोलच्या टंचाईमुळे. टायरांच्या टंचाईची आठवण तितकी राहिली नाही. वस्तुतः पेट्रोलला कोळशाचा पर्याय निघाला, टायराला असा पर्याय नव्हता. जुन्याच टायरावर नवा थर चढविणे एवढाच काय तो मार्ग होता. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी. धावू लागली, तिच्या कारभारातही टायरांचे पुनःस्तरण हा कायमचा भाग झाला. टंचाईत सुरू झालेली सवय सुबत्तेतही टिकून राहते याचे हे एक उदाहरण होय.

ओझरच्या परिसरात या सर्व घडामोडींचा परिणाम दोन प्रकारच्या चालत्या घरांवर दिसतो.

पहिले घर ऊसतोडणी कामगाराचे. ओझरपासून जवळच निवृत्तीनगर येथे विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे. देवाचे नावच कारखान्याने घेतले आहे. दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील अशा कारखान्यांवर येतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस परततात. त्यांच्यात वाहतुकीच्या साधनावरून भेद केले जातात. स्वतःची बैलगाडी घेऊन येणारे, डोक्यावर मोळ्या वाहून वाहन भरणारे, आणि कारखान्याने पुरविलेल्या ‘टायर गाडी’वर काम करणारे, असे ते भेद होत. कामगाराची सामाजिक पायरी टायर या शब्दाने सांगितली जावी, ही बाब भाषेच्या अभ्यासकांनीही नोंद घेण्याजोगी आहे. जोडप्याचा सारा संसार, म्हणजे भांडी, अंथरूण आणि लहान मूल, या गाडीच्या आधारानेच चालतो; मुक्काम कोपीत असला तरी दिवस आणि पुष्कळदा रात्रही गाडीवर जाते. अशा गाड्यांना ट्रकचे किंवा जीपचे उतरलेले टायर बसविण्याची पद्धत सर्वत्र आढळते. ज्याने टायर प्रथम वापरून टाकला त्याच्या दृष्टीने तो संपलेला असतो. गाडीवानाच्या दृष्टीने तो त्या दिवशी नवा होतो.

दुसरे घर तमाशाच्या फडाचे. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र असून भाऊ-बापू मांग आणि विठाबाई (१९३५–२००२) यांच्यामुळे गावाचे नाव कलेच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा-पंच सुपारी देण्यासाठी येतात. पूर्वी फड बैलगाड्यांतून हिंडत. पुढे ट्रक आणि बसगाड्या आल्या. तंबू, रंगमंच, विजेचे जनित्र आणि शंभरावर माणसे घेऊन मोठा फड एका रात्रीत एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत पोचतो. दसऱ्याला सुरू झालेला हा प्रवास वैशाखात थांबतो आणि पावसाळाभर गाड्या उभ्या राहतात.

येथेच मूळ प्रश्न त्याच्या खऱ्या स्वरूपात दिसतो. ऊसगाडी काय, फडाचा ट्रक काय आणि आजचे हौशी प्रवाशाचे मोटार-घर काय, ही सर्व हंगामी वाहने आहेत. ती काही महिने पूर्ण भार घेऊन चालतात आणि उरलेले महिने एका जागी उभी असतात. सामान्य मालट्रकचा टायर झिजून संपतो. तो ‘गोटा’ झाला की मालकाला दिसते आणि बदलावा लागतो. हंगामी वाहनाचा टायर झिजण्यापूर्वीच म्हातारा होतो. रबरात हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांपासून संरक्षण देणारी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-फुगतो तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरात ही क्रिया मंदावते. त्यातच ऊन लागले आणि वाहनाचा भार एकाच बाजूवर राहिला, तर कडेच्या भिंतीत बारीक भेगा पडतात. वरच्या नक्षीची खोली मात्र तशीच राहते, आणि मालकाची फसगत होते. वाळलेल्या लाकडी चाकाची धाव वाजून सूचना देत असे. वयाने कठीण झालेला टायर बहुधा तशी सूचना देत नाही. तो हमरस्त्यावर, भरधाव वेगात फुटतो, आणि फडाच्या गाडीत तेव्हा झोपलेली माणसे असतात.

तेव्हा टायराचे वय कसे जाणावे? अमेरिकेत १९७१ पासून टायरावर ओळखक्रमांक उमटविणे सक्तीचे झाले. त्यातील शेवटचे आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. आरंभी वर्षासाठी एकच आकडा होता. त्यामुळे आठ हा आकडा १९७८ चा की १९८८ चा हे कळण्यास मार्ग नव्हता. टायर दहा वर्षे टिकणार नाहीत या गृहीतावर आधारलेली ही रचना होती, आणि उभ्या राहणाऱ्या वाहनांनी हे गृहीत खोटे ठरविले. २००० पासून दोन आकडी वर्ष आले; ‘३५२४’ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले आणि टायराच्या वयाची चर्चा तज्ज्ञांपुरती राहिली नाही. भारतात २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने मोटारींच्या टायरांवर भारतीय मानक चिन्ह सक्तीचे करण्याचा मार्ग घेतला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शाबूत असली तरी, टायर काढून टाकणे, असा सल्ला अनेक कारखानदार देतात. पहिल्या वापराची तारीख यात गौण आहे. गोदामात पडून राहिलेला टायरही वयाने वाढतच असतो. म्हणून दुकानातून आणलेला टायर न वापरलेला असतो, पण नवा असतोच असे नाही. मराठीत ‘कोरा’ आणि ‘ताजा’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत; टायराच्या व्यवहारात ते एकच मानले जातात, आणि ग्राहकाचे नुकसान तेथेच होते.

पुनःस्तरित टायरात ही अडचण दुणावते. वरचा थर गेल्या महिन्यातील असला तरी सांगाडा जुनाच असतो, आणि कारखान्याचा मूळ क्रमांक त्या सांगाड्यावर असतो. क्रमांक वाचता आला तर फसवणूक टळते, पण तो वाचण्याची सवय कोणास आहे? मोटार-घराचा मालक बहुधा शिकलेला आणि सवड असलेला असतो. तो विक्रेत्याला आठवडा विचारतो, जुना माल परत करतो, मागणी नोंदवून थांबू शकतो. फडाचा व्यवस्थापक दुसऱ्या दिवशीच्या यात्रेची सुपारी घेऊन बसलेला असतो. त्याला थांबता येत नाही. ऊसतोडणी कामगाराच्या बाबतीत तर निवडीचा अधिकारच दुसऱ्याकडे असतो. एकाच ज्ञानाचा उपयोग तिघांना इतका विषम व्हावा, हे केवळ तांत्रिक कारणांनी स्पष्ट होत नाही.

भूगोलाने मात्र अडचण केलेली नाही. ओझरला ज्या पुणे–नाशिक रस्त्यावरून जावे लागते त्याच रस्त्यावर चाकण येथे ब्रिजस्टोन कंपनीचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला आणि दुसऱ्या टोकास नाशिकच्या सातपूर वसाहतीत सिएटचा कारखाना आहे. ताजा टायर या टापूला दुर्लभ नाही. साहागंजचे अंतर आता काही तासांवर आले आहे. लोहाराच्या भट्टीशेजारी उभे राहून मिळणारी खात्री मात्र त्याबरोबर आलेली नाही.

जाता जाता एका शब्दाची नोंद करणे योग्य होईल. जादा चाकाला सर्वत्र ‘स्टेपनी’ म्हणतात. वेल्समधील लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी सुरू केलेल्या जादा चाकाच्या धंद्याचे हे नाव आहे. ते चाक त्याच्या मायदेशी विसरले गेले, पण भारतातील मोटारवाल्यांच्या बोलीत ते टिकले. वयाच्या दृष्टीने स्टेपनी हाच वाहनातील सर्वांत संशयास्पद टायर असतो, कारण तो कधीच फिरत नाही. फडाच्या गाडीखाली किंवा मोटार-घराच्या पाठीवर वर्षानुवर्षे टांगलेला हा टायर नेमका संकटकाळी, पूर्ण भाराखाली, प्रथमच रस्त्यावर उतरतो.

पावसाळ्यात फडाच्या गाड्या उभ्या असतात तेव्हा त्यांची तपासणी करणे शक्य असते. परंतु निर्मितीचा संपूर्ण क्रमांक पुष्कळ टायरांवर एकाच बाजूच्या भिंतीवर उमटविलेला असतो. ती बाजू आत गेली असेल, तर वय वाचण्यासाठी दिवा घेऊन चिखलात गाडीखाली शिरावे लागते.