साखर मोजत धावणारा संघ : टीम नोव्हो नॉर्डिस्कची वाटचाल

टाइप वन मधुमेह असल्याशिवाय ज्यात प्रवेश मिळत नाही, असा व्यावसायिक सायकलिंगमध्ये एकच संघ आहे. त्याचे नाव टीम नोव्हो नॉर्डिस्क. ज्या आजारामुळे मुलांना शाळेच्या कवायतीतूनही बाजूला बसवले जाते, तोच आजार या संघाने पात्रतेची अट म्हणून ठेवला. या संघाची वाटचाल सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगपासून सोलापूर शहरापर्यंत आणि त्यापुढेही प्रत्येक मधुमेही मुलाच्या घरात माहीत असायला हवी.

संघाचे संस्थापक फिल सदरलँड यांचा जन्म 1982 चा, अमेरिकेतला. अवघे सात महिन्यांचे असताना त्यांच्या मधुमेहाचे निदान झाले. हा मुलगा पंचविशी गाठेल याची खात्री नाही, असे डॉक्टरांनी त्यांच्या आईला सांगितले होते. आईने ते ऐकले, इन्शुलिन द्यायचे शिकून घेतले आणि मुलाला घरात कोंडले नाही. फिल सायकलकडे वळले. महाविद्यालयीन शर्यतींत त्यांची गाठ जो एल्ड्रिज या दुसऱ्या सायकलपटूशी पडली. त्यालाही टाइप वनच होता, पण रक्तातली साखर तपासण्याचा त्याला कंटाळा. दोघांत पैज लागू लागली : सराव संपल्यावर ज्याची साखर जास्त भरेल, त्याने जेवणाचे पैसे द्यायचे. हरायचे नाही म्हणून जो मोजू लागला आणि मोजता मोजता सुधारला. पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज या पैजेत आहे.

2005 मध्ये दोघांनी ‘टीम टाइप वन’ची स्थापना केली. पहिले लक्ष्य होते ‘रेस अक्रॉस अमेरिका’. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, रात्रंदिवस. मराठी वाचकांना ही शर्यत परिचित आहे ती नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंमुळे. 2015 मध्ये दोघांच्या गटात त्यांनी ती पूर्ण केली. 2017 मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. टीम टाइप वन 2006 मध्ये आठ सायकलपटू घेऊन उतरली. आठही जण मधुमेही. आळीपाळीने सायकल चालवायची, गाडीत टेकल्या टेकल्या साखर तपासायची, खायचे, जमेल तेवढे झोपायचे आणि पुन्हा रस्त्यावर. एवढे अंतर कापून संघ अवघ्या तीन मिनिटांनी दुसरा आला. पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, तो पहिला आला.

2008 मध्ये संघ व्यावसायिक झाला. त्या वेळी त्यात मधुमेह असलेले आणि नसलेले असे दोन्ही प्रकारचे सायकलपटू होते. हा टप्पा आवश्यकच होता, कारण वरच्या पातळीवर टिकतील इतके मधुमेही सायकलपटू तेव्हा तयार नव्हते. 2011 मध्ये सनोफी कंपनीचे नाव संघाला जोडले गेले. याच काळात रवांडातल्या मुलांपर्यंत साखर तपासण्याच्या पट्ट्या पोहोचवण्याचे कामही संघाने हाती घेतले. 2012 च्या अखेरीस नोव्हो नॉर्डिस्क ही डेन्मार्कची कंपनी प्रायोजक झाली, आणि 2013 च्या हंगामात संपूर्ण संघ मधुमेही सायकलपटूंचा झाला. हा निर्णय धाडसाचा होता. अनुभवी गडी सोडून द्यायचे आणि जगभरातून टाइप वन असलेले तरुण शोधून घडवायचे, म्हणजे पुढची काही वर्षे पराभव पत्करायचा.

प्रायोजक कंपनी इन्शुलिन विकते, हे उघड आहे आणि ते सांगायलाच हवे. तिच्या मुळाशीही एका घराचीच गरज होती. नोबेल विजेते शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोघ 1922 मध्ये टोरांटोला गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी मारी क्रोघ यांना मधुमेह होता. तेथून इन्शुलिन बनवण्याची परवानगी घेऊन ते परतले आणि 1923 मध्ये डेन्मार्कमध्ये उत्पादनाची संस्था उभी राहिली.

या संघाचे काम समजून घ्यायचे तर शर्यतीच्या सकाळी सायकलपटूच्या दंडाकडे पाहावे. तिथे सेन्सर चिकटवलेला असतो आणि साखरेचा आकडा सायकलच्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दिसतो. सुरुवातीच्या रेषेवर उभे असताना हा आकडा चढतो. खाण्याने नव्हे, तर छातीतल्या धडधडीने, अ‍ॅड्रिनलिनने. अननुभवी माणूस तो पाहून इन्शुलिन टोचून घेईल, आणि तासाभराने ऐन चढणीवर त्याची साखर कोसळेल, हात थरथरतील, डोळ्यांपुढे अंधारी येईल. अनुभवी सायकलपटू थांबतो, आकडा कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहतो आणि पाठीच्या खिशातले जेल कधी खायचे ते ठरवतो. संध्याकाळी शर्यत संपते, पण काम संपत नाही. दमलेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात, म्हणून झोपेत साखर खाली जाणे सर्वांत घातक. त्यासाठी डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मालिश करणारे, मेकॅनिक अशी सगळी फळी मागे जागी असते. शिवाय इन्शुलिन हे उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध द्रव्य आहे. मधुमेही खेळाडूला ते घेण्यासाठी वैद्यकीय सवलतीची रीतसर परवानगी काढावी लागते.

या संघात आलेल्या अनेकांना आधी नकार मिळालेला आहे. अमेरिकेच्या मँडी मार्क्वार्ट यांना सोळाव्या वर्षी मधुमेहाचे निदान झाले, तेव्हा मोठ्या पातळीवर खेळणे विसरा, असे एका डॉक्टरने सांगितले. त्यांनी डॉक्टर बदलला आणि पुढे ट्रॅक सायकलिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. आयर्लंडचे स्टीफन क्लॅन्सी यांना 2012 मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, मधुमेह झाला. पुढच्याच हंगामात ते या संघातून व्यावसायिक शर्यतींत उतरले.

23 मार्च 2019 हा दिवस संघाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावा असा. मिलान–सान रेमो ही 291 किलोमीटरची शर्यत. वळसंगहून निघून सोलापूर, इंदापूर, भिगवण मागे टाकत पुण्याच्याही पुढे जावे, इतके अंतर एका दमात, पावणेसात तासांच्या आत. त्या दिवशी दहा जणांची तुकडी सुरुवातीलाच मुख्य घोळक्यातून सुटून पुढे गेली. त्या दहांतले चार या संघाचे होते : उंबेर्तो पोली, योनास हेन्ताला, आंद्रेआ पेरोन आणि शार्ल प्लाने. शेवटी घोळक्याने त्यांना गाठले आणि विजय ज्युलियन अलाफिलिप यांच्याकडे गेला. पण जगातले नामवंत सायकलपटू मागे असताना चार मधुमेही पुढे वारा कापत होते, हे लाखो प्रेक्षकांनी पाहिले.

उणिवाही नोंदवायला हव्यात. इन्शुलिनच्या शोधाला 2021 मध्ये शंभर वर्षे होणार होती आणि तोवर टूर द फ्रान्समध्ये उतरायचे, असे संघाने जाहीर केले होते. ते वर्ष आले आणि गेले, निमंत्रण मिळाले नाही. मोठ्या शर्यती जिंकणारा संघ म्हणूनही त्याचे नाव नाही. तरीही संघ विखुरला नाही. तरुणांसाठी निवड शिबिरे आणि विकास संघ चालवून त्याने पुढची फळी उभी केली.

हे सगळे परदेशातले, आपल्या मुलाला काय त्याचे, असे वळसंगच्या पालकांना वाटू शकेल. पण महाराष्ट्रातही याच दिशेने काम झाले आहे. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतल्या टाइप वन मुलांना इन्शुलिन मोफत पुरवले. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात फ्रिज नसलेल्या घरात इन्शुलिन मातीच्या ओल्या मडक्यात थंड ठेवता येते, आणि साखर तपासायची सवय लावायला तर दोन मित्रांची पैजही पुरते.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये सर्व राज्यांना पत्र लिहून सांगितले आहे की, टाइप वन मुलांना शाळेत आणि परीक्षेत साखर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळचे खाऊ द्यावे. वळसंग आणि परिसरातल्या शिक्षकांना विनंती एवढीच : असे मूल वर्गात असेल तर टेबलाच्या खणात साखरेची पुडी ठेवा. मूल थरथरले, घामाने भिजले तर शुद्धीत असताना लगेच तीन चमचे साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि खेळाच्या तासाला त्याला बाहेर बसवू नका.