नाणेघाटातले चौदा खळगे

मंडळी, या वीकांताला मी सत्तर चिंचोके घेऊन नाणेघाट चढलो. हो, सत्तर. मोजून! निघताना आजीने विचारलं, "येवढे चिंचोके कशाला रं? तिकडं काय पेरायचं हाय का?" म्हटलं, "खेळायला." ती काही बोलली नाही. (कंप्यूटरपुढे बसून पोरं अशी होतात, हे तिचं मत जुनंच आहे.)

तर मुळापासून सांगतो. माझं गाव उंबरमाळी. कसारा लोकलने जाणाऱ्यांना खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं हे छोटं स्टेशन ठाऊक असेल. एक लोकल चुकली की पुढचीची वाट बघत बसायचं, हे इथलं मुख्य काम. गावामागच्या माळावर एक सपाट कातळ होता. त्यावर वाघ-बकरीचा पट कोरलेला होता म्हणे. बाबा आणि त्यांचे सोबती गुरं सोडून तिथे तासन्‌तास खेळायचे. मी लहानपणी हे ऐकून सोडून दिलं होतं. मोठेपणी शोधायला गेलो, तर कातळाच्या जागी खड्डा! कुठल्यातरी रस्त्याच्या कामाला तो फोडून खडी केलेली. पटाचा फोटो नाही, कागदावर काढलेली आकृतीसुद्धा नाही.

हे मनात राहिलं ते राहिलंच. मग ऑनसाइटला कॅलिफोर्नियात होतो, तेव्हा एका रविवारी टीममधला एकजण मला डिस्क गोल्फ खेळायला घेऊन गेला. गोल्फच, फक्त चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी आणि भोकाऐवजी खांबाला साखळ्या लावलेली टोपली. एड हेड्रिक नावाच्या माणसाने या खेळाचं पहिलं कायमचं मैदान १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात आखलं. आम्ही गेलो ते मैदान मात्र दुसरंच, आणि पार टाकून दिलेलं. गवत गुडघ्याएवढं, साखळ्या गंजलेल्या, आकड्यांच्या पाट्या गायब. मी विचारलं, "पुढची टोपली कुठे ते कळणार कसं?" तो म्हणाला, "खेळत जा, कळेल." आणि खरंच कळत गेलं! लोकांनी उभं राहून राहून जिथे गवत झिजवलं होतं, तिथून फेकायचं. समोर जिकडे मोकळं दिसेल, तिकडे टोपली. पाट्या गेल्या तरी खेळ जमिनीत उरला होता. तेव्हा पहिल्यांदा गावचा तो कातळ डोळ्यांपुढे आला.

परत आल्यावर मामेभावाशी हे बोललो. तो मुरबाड तालुक्यात टोकावड्याला असतो. तो म्हणाला, "दादा, तुमचा कातळ गेला, पण आमच्या नाणेघाटात असले खळगे हायेत की!"

नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरला चढणारी सातवाहनांच्या काळातली वाट. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर जायचा. वर खिंडीच्या तोंडाशी नागनिका राणीचा प्रसिद्ध शिलालेख असलेलं लेणं आहे. बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. कर्नल साइक्सने १८२८ साली तो पाहिला आणि पुढे जगापुढे आणला. अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची त्यात जंत्री आहे, आकड्यांसकट. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये हे आकडे मोजले जातात. गंमत म्हणजे त्यांत शून्य नाही! दहा, शंभर, हजार, सगळ्यांना वेगळी चिन्हं. याच लेण्यात राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते. आज वर कोरलेली नावं आहेत, खालचे पुतळे गेले.

हे सगळं पुस्तकात मिळतं. खळग्यांकडे मात्र अगदी अलीकडे लोक नीट बघायला लागले. घाटातल्या कातळांवर असे कोरीव पट बरेच आहेत. काही रेघांचे, काही वाटीसारख्या खळग्यांच्या दोन ओळींचे. या दुसऱ्या प्रकाराला ट्रेकवाले 'मंकला' म्हणतात. आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत तो खेळला जातो. आपल्याकडे तो बहुतेकांच्या विस्मरणात गेला, पण तामिळनाडूत 'पल्लांगुळी' आणि कर्नाटकात 'अळगुळी मणे' या नावांनी घराघरांत होता. नियम मला मदुराईच्या एका सहकाऱ्याने दिले. त्याने ते त्याच्या आईला फोन करून विचारले!

नियम असे. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, प्रत्येकात पाच बिया. (म्हणून सत्तर चिंचोके.) आपल्या ओळीतला एक खळगा रिकामा करायचा आणि बिया पुढे एकेक पेरत जायचं. हातातल्या संपल्या की पुढच्या खळग्यातल्या उचलायच्या आणि पुन्हा पेरायच्या. पुढचा खळगा रिकामा निघाला, तर त्याच्या पलीकडच्यातल्या बिया आपल्या, आणि डाव समोरच्याचा. आपल्या भाषेत सांगायचं तर चौदा घरांचा वर्तुळाकार ॲरे!

शनिवारी बाइकने शहापूर, किन्हवली, सरळगाव करत टोकावडे गाठलं. मामेभावाला घेतलं आणि वैशाखऱ्याच्या पुढून चढायला लागलो. अडीच-तीन तासांची चढण. वाटेतल्या एका कातळावर बसलो आणि भाऊच ओरडला, "दादा, तू पटावरच बसलायस!"

मोजले, तर खळगे तेरा. एका ओळीत सात, दुसरीत सहा. म्हटलं, झिजला असेल एखादा. तसाच डाव मांडला. पण पेरताना प्रत्येक वेळी हात एका जागी अडखळायचा. दोन खळग्यांत अंतर जरा जास्तच वाटायचं. शेवटी भावाने तिथली माती आणि वाळकं शेवाळ बोटाने काढलं. खाली चौदावा खळगा! नुसतं बघून तो आम्हाला सापडलाच नसता. पाच चिंचोके त्यात टाकले आणि डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला. मी हरलो. इंजिनियरिंगची डिग्री काही उपयोगाची नाही.

आता सांगायची गोष्ट ही की, या पटाचं वय कुणालाच सांगता येत नाही. आमच्या मागून एक ट्रेकचा ग्रुप आला. त्यांचा लीडर म्हणाला, "दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनकालीन खेळ!" असेलही. पण लेणं जुनं म्हणून शेजारचा खळगा तेवढाच जुना, असं होत नाही. इजिप्तमध्ये कुर्ना इथल्या सेती राजाच्या देवळातल्या दगडांवर असेच पट कोरलेले आहेत. देऊळ सुमारे ३३०० वर्षांचं, म्हणून पटही तेवढेच जुने, असं लोक वर्षानुवर्षं लिहीत आले. पण त्याच दगडांवर ख्रिस्ती क्रूसही कोरलेले आहेत! म्हणजे लोक तिथे फार नंतरपर्यंत येऊन दगड कोरत होते. नाणेघाटातला आमचा पट सातवाहनांच्या पहारेकऱ्याचा असू शकतो, मध्ययुगातल्या बैलवाल्याचा असू शकतो किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या गुराख्याचाही.

पुस्तकांतही खेळांच्या नोंदी आहेत. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात दरबारी खेळ आहेत, औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांच्या १८७१ सालच्या 'क्रीडाकौशल्या'त तर खेळांची यादीच आहे. पण घाटात बसून कातळ कोरणाऱ्याने नाव लिहून ठेवलं नाही. मला वाटतं, हे पट वाट बघणाऱ्यांचे आहेत. जकात भरेपर्यंत, ऊन उतरेपर्यंत, बैल पाणी पिऊन होईपर्यंत माणसं करणार काय? राणीने दान दिलेल्या गाई शिलालेखात मोजल्या गेल्या. ओझी वाहणाऱ्यांचा रिकामा वेळ या खळग्यांत आहे.

पुढे वाटा बदलल्या. रेल्वे १८६१ साली कसाऱ्याला आली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली. बोरघाट त्याआधी १८६३ लाच झाला होता. गाडीरस्ता माळशेजने गेला. नाणेघाटात थांबणारं कुणी उरलं नाही आणि उंबरमाळीला आम्ही लोकलची वाट बघत बसलो. वाट मोडली म्हणून तिथला कातळ वाचला. आमच्याकडे रस्ते वाढले, आमचा फुटला.

एक विनंती. पट दिसला तर त्यात खडू, रंग भरू नका, दगडाने खरवडू नका. चिंचोके न्या, खेळा, परत आणा.

रविवारी घरी आजीला सगळं सांगितलं. तिने चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्यावर रेघा ओढायला लागली. "तुज्या बापासाठी भाकर घिऊन जायची ना, तवा मी बी एकेक डाव टाकायची," म्हणाली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! आकृती जवळजवळ पूर्ण झाली आणि बाबा म्हणाले, "आये, कोपऱ्यातून तिरप्या रेघा व्हत्या." आजी म्हणाली, "नव्हत्या." दोघंही अजून हटलेले नाहीत. मी दोन्ही आकृत्या वहीत काढून ठेवल्यात. कातळ असता तर पाच मिनिटांत जाऊन बघून आलो असतो.

असो. तुमच्या गावामागे असा एखादा कातळ असेल, तर या वीकांताला बघून या. जाताना घरातलं एखादं म्हातारं माणूस सोबत न्या.